ठेक्यावरच्या सफाई कामगारांची युनियन कशी बांधायची: पहिल्या यादीपासून मागणीपत्रापर्यंत

जळगाव-धुळ्याच्या महानगरपालिका असोत की भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा, नंदुरबारच्या नगरपालिका, पहाटे झाडू घेऊन निघणारे आणि घंटागाडीवर उभे राहणारे कितीतरी लोक आता ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत. काम तेच, रस्ता तोच, मुकादमही बहुतेक तोच. फक्त पगारपत्रकावरचं मालकाचं नाव दर एक-दोन वर्षांनी बदलतं. या कामावर लागणारा माणूस कोणत्या वस्तीतून येतो हेही ठरलेलं आहे: मेहतर-वाल्मीकी, बौद्ध, मातंग आणि अलीकडे भिल्ल. म्हणून ही युनियन बांधताना पगाराचा प्रश्न एका वहीत आणि जातीचा दुसऱ्या वहीत ठेवता येत नाही. ज्याला नावाने हाक मारली जात नाही, त्याच्याच पगाराला आधी कात्री लागते.

सुरुवात यादीपासून

बैठक बोलावण्याआधी यादी करा. शहरात हजेरी शेड किती, प्रत्येक शेडवर माणसं किती, मुकादम कोण, गाड्यांवर किती, गटारीवर किती, पाणीपुरवठा किंवा स्मशानभूमीवर ठेक्यातूनच कोणी पाठवलेले आहेत का. एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक कामगाराला अर्धं पान द्या. त्यात आधारवर आहे तसं नाव, कामाला लागल्याचा महिना-वर्ष, आजवरच्या ठेकेदारांची नावं क्रमाने, शेड, बँक खातं कोणत्या बँकेत, पीएफचा यूएएन क्रमांक (मालक बदलला तरी तोच राहायला हवा असा खातेक्रमांक), ईएसआय म्हणजे कामगार विम्याचा क्रमांक आणि मोबाईल लिहा. जात विचारायची असेल तर कारण सांगून विचारा, आणि सांगायची नसेल तर रकाना मोकळा राहू द्या.

नावाच्या बाबतीत फार काटेकोर राहा. आधारवर एक, पीएफला दुसरं आणि हजेरीपत्रकावर फक्त हाक मारायचं नाव, असा घोळ जवळपास प्रत्येक शेडवर सापडतो. मुंबई महापालिकेत कचरा वाहतूक श्रमिक संघाने सुमारे २,७०० ठेका कामगारांची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली आणि २०१७ साली ते कायम असल्याचा निकाल टिकवला. पण निकालानंतरही नावांच्या अशा फरकांमुळे अनेकांना हक्काच्या नोकरीसाठी थांबावं लागलं. तुमच्या यादीत असा फरक दिसला की त्याच महिन्यात आधार दुरुस्ती किंवा पीएफची केवायसी करून घ्या. दहा वर्षांनी हा पुरावा नव्याने उभा करणं फार कठीण जातं.

बोलायला शेडवर जाऊ नका, तिथे मुकादमाचे कान असतात. झाडूवाल्या मावशींना दुपारी घरी गाठा, स्वयंपाक आटोपला की तासभर निवांत मिळतो. गाडीवरच्या पोरांना संध्याकाळी. बाईशी बोलायला बाईनेच जावं हे उत्तम. पहिल्या भेटीत युनियन हा शब्द काढायचीही गरज नाही. "तुले पगार कितला भेटस?" इतकं विचारा आणि पुढचा प्रश्न: सही किती रकमेवर केलीस? या दोन आकड्यांतल्या फरकातूनच पुढचं सगळं बोलणं निघतं.

व्हॉट्सॲप ग्रुप पहिल्या दिवशी काढू नका. ग्रुपमधला एखादा माणूस स्क्रीनशॉट मुकादमाला दाखवतो आणि ज्यांची नावं वर दिसतात ते दुसऱ्या दिवशी "काम नाही" ऐकून परत येतात. आधी प्रत्येक शेडवर दोन-तीन खात्रीची माणसं तयार होऊ द्या. अर्जावर सह्या झाल्या, की मग ग्रुप.

समिती आणि तिची ठेवण

बहुतेक प्रयत्न इथेच फसतात, आणि ठेकेदारामुळे नव्हे तर आपल्यामुळे. बैठक एका समाजाच्या मंदिरात ठेवली की दुसऱ्या वस्तीतले येत नाहीत. अध्यक्ष, सचिव, खजिनदार तिघेही एकाच वस्तीचे निघाले की बाकीचे वर्गणी थांबवतात. कायम कामगार आणि ठेक्यावरचे यांच्यातही अशीच भिंत असते. कायम असलेल्यांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नोकरी मिळते, ठेक्यावरच्याच्या पोराला मात्र काहीच नाही. ही वारसा नोकरी आज अनेक घरांचा एकमेव भक्कम आधार आहे म्हणून तिचं रक्षण केलंच पाहिजे. पण तीच तरतूद झाडू एका जातीच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या ठेवते हेही युनियनच्या बैठकीत मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे. म्हणून वारसा हक्कासोबत शिकलेल्या मुलांना शिपाई, लिपिक, चालक या जागांवर बढतीची वाट मागा.

बैठक शाळेच्या पटांगणात, मार्केट यार्डाच्या कोपऱ्यात किंवा आळीपाळीने प्रत्येक वस्तीत घ्या. चहा-पाणी एकाच भांड्यातून. ही बाब किरकोळ वाटते, पण कोण कुणाच्या हातचं पाणी पितं हे तिथे आलेला प्रत्येक माणूस पाहत असतो. समितीत प्रत्येक शेडचा एक प्रतिनिधी हवा. झाडूकामात निम्म्या बाया असतील तर समितीतही निम्म्या बायाच हव्यात, आणि नुसत्या सह्यांपुरत्या नाही. खजिनदार बाई असेल तर वर्गणीचा हिशेब बहुधा नीट राहतो. भिल्ल किंवा पावरा कामगार असतील तर बैठकीत अहिराणीबरोबर त्यांच्या बोलीतही कुणीतरी समजावून सांगणारं हवं.

कामगार चळवळीत जातीचा विषय काढला की एकी फुटते, असं सांगणारे भेटतील. त्यांना मनमाडची आठवण द्या. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तिथे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. डॉ. आंबेडकरांनी त्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचं सांगितलं. अस्पृश्याला रेल्वेत बहुधा गँगमनच राहावं लागतं, आणि कापड गिरण्यांत चांगल्या पगाराचं विणकाम खातं त्याला बंद असतं, हे त्यांनी तिथे उघड मांडलं. एकी आधीच फुटलेली होती आणि ती फोडणारी गोष्ट कामाच्या वाटपातच होती. तुमच्या शेडवरही पाहा: गटारीत कोण उतरतं, गाडीचं स्टिअरिंग कोणाच्या हातात असतं, मुकादम कोणत्या समाजाचा? ही नोंद त्याच वहीत करा, तिचा उपयोग मागणीपत्रात होईल.

खान्देशातच दुसरं उदाहरण आहे. शहादा-तळोदा भागात १९७२ साली उभी राहिलेली श्रमिक संघटना. आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि त्यांच्याबरोबरचे कार्यकर्ते भिल्ल शेतमजुरांच्या मजुरीचा प्रश्न, हिरावलेल्या जमिनीचा प्रश्न आणि आदिवासींवरच्या जुलमाचा प्रश्न एकत्रच मांडत होते. तिथल्या बायकांनी दारूविरुद्ध उघडलेली आघाडी हा त्याच चळवळीचा भाग होता. सफाई कामगारांच्या वस्तीत दारू आणि सावकारी हे दोन विषय टाळून युनियन फार दिवस टिकत नाही.

कागद गोळा करणं

तीन ठिकाणचे कागद जुळवायचे आहेत: कामगाराच्या हातातले, पीएफ-ईएसआयचे आणि पालिकेचे.

कामगाराकडून बारा महिन्यांचं बँक पासबुक छापून घ्या. उमंग ॲपवरून पीएफचं पासबुक काढा. आता पडताळा. समजा मूळ पगार अधिक महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आहे. कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८०० कापले पाहिजेत. मालकाचेही १,८००, त्यातले १,२५० पेन्शनमध्ये जातात आणि ५५० पीएफमध्ये. पासबुकात दर महिन्याला हे तीन आकडे दिसले पाहिजेत. ईएसआयचे कामगाराचे पाऊण टक्का, म्हणजे ११३ रुपये, आणि मालकाचे सव्वातीन टक्के. पीएफ २० माणसांपासून लागतो, ईएसआय दहापासून आणि महिना २१,००० पर्यंतच्या पगाराला.

गडबड कुठे असते ते लक्षात ठेवा. ठेकेदार दोन्ही हिस्से कामगाराच्याच पगारातून कापतो, हे बेकायदेशीर आहे. सव्वीस दिवस काम करून पीएफच्या पत्रकात दहा-बारा दिवसच दाखवतो. प्रत्येक नवा ठेकेदार नवा यूएएन काढतो आणि जुन्या खात्यातले पैसे अडकतात. आणि सगळ्यात वाईट प्रकार: एटीएम कार्ड मुकादमाकडे. पगार खात्यात पूर्ण जमा होतो, कागद चोख राहतो आणि दुसऱ्या दिवशी मशीनमधून काही हजार काढून घेतले जातात. यावर एकेकट्याने भांडू नका. पंधरा-वीस जणांनी एकाच दिवशी बँकेत जाऊन कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा, नोंदवलेला मोबाईल क्रमांक आपलाच आहे ना ते तपासावं आणि नवं कार्ड आपल्या हातात घ्यावं. सगळ्यांनी एकदम केलं की ठेकेदाराला कोणाचं नाव काढून धडा शिकवता येत नाही.

पालिकेचे कागद माहिती अधिकारातून काढायचे. जोडपत्र अ मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखला जोडून फुकट. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, म्हणून सगळं एका अर्जात कोंबू नका, नाहीतर तेवढ्याच कारणाने अर्ज परत येतो. पहिला अर्ज: निविदा, कार्यादेश आणि अंदाजपत्रक, त्यात दर माणशी दर दिवसाचा कोणता दर धरला आहे ते कळतं. दुसरा: मागच्या सहा महिन्यांची ठेकेदाराने सादर केलेली देयकं आणि त्याला जोडलेली हजेरीपत्रकं. तिसरा: देयकासोबतची पीएफ व ईएसआयची चलनं आणि कामगारनिहाय पत्रकं. प्रत पानाला दोन रुपये. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

उत्तर आलं की हजेरीपत्रकावरची नावं तुमच्या वहीशी ताडून पाहा. शेडवर चाळीस माणसं राबतात आणि बिलात साठ दाखवली आहेत, असं निघालं तर वीस जणांचा पगार पालिकेच्या तिजोरीतून कुठेतरी जातो आहे. हा कागद जपून ठेवा, लगेच पेपरला देऊ नका. वाटाघाटीच्या टेबलावर त्याचं वजन जास्त पडतं.

किमान वेतनाचा दर पाहताना दोन गोष्टी बघा. महाराष्ट्रात प्रत्येक उद्योगाचा दर वेगळा आहे आणि पालिकांसाठी स्थानिक प्राधिकरण ही स्वतंत्र अनुसूची आहे; ठेकेदार दुसऱ्याच कुठल्या तरी स्वस्त उद्योगाचा दर लावतो का ते तपासा. शिवाय मूळ दरावर विशेष भत्ता असतो आणि तो जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. सहाय्यक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून चालू सहामाहीचा दर लेखी घ्या, तोंडी आकड्यावर मागणी लिहू नका.

नोंदणी

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा तिच्यात विलीन झाला. आधीच नोंदलेल्या युनियनांना पुन्हा नोंदणीची गरज नाही. नव्यांनी युनियनांची नोंदणी करणाऱ्या निबंधकाच्या कार्यालयात जाऊन सध्या कोणता अर्जनमुना स्वीकारतात ते विचारावं आणि त्यांच्याकडचाच नमुना घ्यावा. झेरॉक्सच्या दुकानातला जुना अर्ज भरून फुकट फेरी होते.

सात माणसांत युनियन होते हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तिथेच चूक होते. अर्ज करायला सात पुरतात, पण नोंदणीसाठी त्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी तेवढे सभासद लागतात. १८० कामगार असतील तर अठरा. पुढेही ही संख्या टिकवावी लागते. आणखी एक धोका: अर्ज दिल्यावर अर्जदारांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी अंग काढून घेतलं तर अर्ज पडतो. सातच अर्जदार असतील तर ठेकेदाराला चौघांना गाठलं की पुरे. म्हणून अर्जावर पंधरा-वीस जणांच्या सह्या घ्या, वेगवेगळ्या शेडच्या, आणि सभासद एकूण संख्येच्या निम्म्याच्या वर झाल्याशिवाय अर्ज देऊच नका. सभासदसंख्येचं पुढे आणखी महत्त्व आहे. आस्थापनेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर ५१ टक्के सभासद असलेलीला वाटाघाटीचा एकटीचा अधिकार मिळतो. तेवढे कोणाकडेच नसतील तर किमान वीस टक्के असलेल्या युनियनांची मिळून वाटाघाटी परिषद होते.

अर्जाबरोबर घटना, म्हणजे युनियनची नियमावली, लागते. तिच्यात युनियनचं नाव, उद्देश, निधी कशावर खर्च करता येईल, सभासद कोण होऊ शकतो, वर्गणी किती, सभासदांची यादी कुठे ठेवली जाईल व कोणाला पाहता येईल, पदाधिकारी कसे निवडायचे आणि कसे काढायचे, पैसे कुठे ठेवायचे, वार्षिक हिशेबतपासणी, घटनादुरुस्ती आणि विसर्जन एवढं स्पष्ट लिहिलेलं हवं. सर्वसाधारण सभेचा ठराव, तिच्या हजेरीपटासह. पदाधिकाऱ्यांत बाहेरचे लोक किती घेता येतात यावर मर्यादा आहे. असंघटित क्षेत्रात निम्मे तरी प्रत्यक्ष कामगार हवेत, इतरत्र बाहेरचे एकतृतीयांश किंवा पाच, यातले जे कमी तेवढेच. तुम्ही मात्र बाहेरचा एकच घ्या, वकील किंवा जाणता कार्यकर्ता. सचिवपद कामगाराकडेच ठेवा.

घटनेत "सभासदत्व जात, धर्म, लिंग न पाहता" हे वाक्य सगळेच घालतात. तुम्ही त्यापुढे जा. जातिवाचक बोलणाऱ्या किंवा बाईशी गैरवर्तन करणाऱ्या सभासदाची चौकशी कोण करेल, किती दिवसांत, आणि दोषी ठरला तर काय, हे कलम लिहूनच ठेवा. प्रसंग घडल्यावर नियम बनवायला बसलं की तो एका बाजूचा वाटतो.

वर्गणी महिना वीस ते पन्नास रुपयांच्या दरम्यान ठेवा, पगार मिळतो त्याच आठवड्यात घ्या आणि क्रमांक छापलेल्या दुहेरी पावतीपुस्तकातूनच घ्या. युनियनच्या नावाने बँक खातं, तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने चालणारं. दर महिन्याच्या बैठकीत जमाखर्च वाचून दाखवायचा. वर्गणीचा हिशेब न सांगितल्यामुळे बंद पडलेल्या युनियना मालकाने मोडलेल्यांपेक्षा कमी नाहीत.

मागणीपत्र

मागणीपत्र ठेकेदाराला द्या आणि मूळ मालक म्हणून नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना किंवा महापालिका आयुक्तांनाही द्या, प्रत कामगार कार्यालयाला. ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. "तुमचं ठेकेदाराशी पाहा" हे उत्तर कायद्यात बसत नाही. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आवक विभागाने नकार दिला तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने त्याच दिवशी पाठवा.

दहाबारा मागण्या पुरेत, तीस लिहिल्या की एकही गंभीरपणे वाचली जात नाही. पैशाच्या मागण्या आकड्यानिशी लिहा: चालू दराने किमान वेतन, मागचा फरक महिनावार तक्त्यासह, सात तारखेच्या आत पगार, पगारचिठ्ठी, जादा तासांना दुप्पट दर, साप्ताहिक सुट्टी, पीएफ-ईएसआयची भरपाई. वेतनाच्या फरकासाठी वेतन संहितेखाली तीन वर्षांपर्यंत मागे जाता येतं आणि हा दावा युनियनही करू शकते, म्हणून तक्ता तीन वर्षांचा करा.

सुरक्षेच्या मागण्या वस्तूंची नावं आणि नग लिहून मागा. "सुरक्षा साधने पुरवावीत" असं लिहिलंत तर वर्षातून एकदा फोटो काढण्यापुरते पातळ हातमोजे मिळतात. गमबूट वर्षाला दोन जोड, मापाप्रमाणे. रबरी हातमोजे महिन्याला एक जोड. झाडूवाल्यांना मास्क, गाडीवरच्यांना परावर्तक जॅकेट. शेडवर साबण, पाणी, कपडे बदलायला खोली आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. जळगाव-भुसावळकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. मार्च ते जूनअखेर काम पहाटे लवकर सुरू करून सकाळी अकराच्या आत संपवण्याची मागणी स्वतंत्र कलम म्हणून लिहा, सोबत गाडीवर पिण्याच्या पाण्याचा जार.

गटारीच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणार नाही, असं लेखी आश्वासन मागा. २०१३ च्या कायद्याने असं धोकादायक काम करवून घेण्यास मनाई आहे. अशा मृत्यूत तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. कायमचं अपंगत्व आलं तर किमान वीस लाख. "पाच मिनिटांचं काम आहे, उतर" असं मुकादम म्हणाला तर नकार कसा द्यायचा याचा सराव बैठकीत करून घ्या: एकट्याने नाही म्हणायचं नाही, गाडीवरच्या सगळ्यांनी एकत्र हात थांबवायचे आणि जागेवरूनच समितीला फोन लावायचा. चेंबरमधला वायू दिसत नाही. पहिला खाली कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. म्हणून कोणीही, अगदी वाचवायलासुद्धा, साधनांशिवाय उतरायचं नाही, हे प्रत्येकाला पाठ असलं पाहिजे.

मग मानाच्या मागण्या. त्या शेवटी "इतर" मध्ये ढकलू नका. हजेरीला पूर्ण नावाने पुकारणं, शेडवर चहाचे कप सगळ्यांना एकच, नगरसेवक किंवा अधिकाऱ्यांच्या घरी झाडलोट, बागकाम, भांडी यांसाठी कामगार पाठवणं बंद, गटारीचं काम एकाच समाजाच्या माणसांना न देता पाळीने आणि यंत्राने, चालक-मुकादमाच्या जागा भरताना सफाईतल्या ज्येष्ठांना प्राधान्य. इथे वहीतली ती नोंद कामाला येते: मागच्या सहा महिन्यांत गटारीवर कोण पाठवले गेले, याचा तक्ता जोडा.

पगार आणि मान एकाच कागदावर मागण्याचं बळ काय असतं हे अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या कचरा कामगारांनी १९६८ मध्ये दाखवलं. ते जवळपास सगळे कृष्णवर्णीय होते. १ फेब्रुवारीला पावसात आडोसा घेतलेले दोघे गाडीच्या कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० जण संपावर गेले. त्यांच्या फलकांवर एवढंच लिहिलेलं असे: मी माणूस आहे. मागण्या मात्र नेमक्या होत्या: युनियनला मान्यता, वर्गणी पगारातून कापण्याची सोय, वेतनवाढ, सुरक्षितता. त्यांच्या पाठीशी उभे राहायला गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची त्याच शहरात ४ एप्रिलला हत्या झाली आणि १६ एप्रिलला शहराला युनियन मान्य करून समझोता करावा लागला. मान्यता आणि वर्गणी या दोन कलमांवर ते शेवटपर्यंत अडून राहिले, कारण त्यांच्याशिवाय वेतनवाढ पुढच्याच वर्षी परत घेता आली असती.

जातिवाचक शिवीगाळ झाली तर

ॲट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार करताना तीन गोष्टी तपासा. बोलणारा स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसावा, नाहीतर हा कायदा लागत नाही. अपमान लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी झालेला असावा. हजेरी शेडवर चारचौघांत झाला असेल तर त्या चौघांची नावं त्याच दिवशी लिहून घ्या. आणि नेमके शब्द, जसेच्या तसे, फिर्यादीत यायला हवेत. "जातिवाचक बोलला" एवढंच लिहिलं की खटला ढिला पडतो. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. शिव्या नाहीत पण घरकामाला जुंपलं जातं, असं असेल तर वेठबिगारीचं कलमही याच कायद्यात आहे. फिर्यादीला कामगाराबरोबर युनियनचे दोघे जावेत, एकटं पाठवू नका. आणि हे हत्यार वाटाघाटीत दबाव म्हणून कधीच वापरू नका. घडलेल्या गुन्ह्याची तक्रार करायचीच, मागणी मान्य झाली म्हणून ती मागे घ्यायची नाही.

कामावरून काढलं तर, आणि संप

युनियनमध्ये गेला म्हणून काढलं, बदली दूरच्या प्रभागात केली, हजेरी बंद केली, तर महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा हाताशी आहे. तक्रारीची मुदत घटनेपासून नव्वद दिवस. ठेकेदार "पुढच्या महिन्यात घेतो" म्हणत तीन महिने काढतो आणि मुदत संपते. हा डाव नेहमीचा आहे, त्यामुळे काढल्याच्या पंधरा दिवसांत वकिलाकडे कागद गेलेच पाहिजेत. तक्रार ठेकेदाराविरुद्ध करा. "आम्ही पालिकेचेच कामगार आहोत" हा दावा या कायद्याखाली टिकत नाही, कारण मालक-नोकर नातंच वादात असेल तर ते आधी औद्योगिक न्यायाधिकरणात सिद्ध करावं लागतं. ठेका हा नुसता कागदी मुखवटा आहे हे तिथे दाखवायचं तर काम कोण सांगतं, हजेरी कोण तपासतं, रजा कोण देतं याचे पुरावे लागतात: आरोग्य निरीक्षकाच्या सहीची हजेरी, त्याने मोबाईलवर पाठवलेले कामाचे संदेश, पालिकेच्या नावाचं ओळखपत्र. हे सगळं पहिल्या दिवसापासून साठवा.

संपाची नोटीस किमान चौदा दिवस आधी द्यावी लागते आणि ती साठ दिवसांपर्यंतच चालते. समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. सगळ्यांनी मिळून एकदम किरकोळ रजा टाकायची ही जुनी युक्तीही आता चालत नाही; निम्मे किंवा अधिक कामगार एकाच दिवशी ठरवून रजेवर गेले तर तो संपच धरला जातो. बेकायदा संपाला कामगाराला एक हजार ते दहा हजार दंड किंवा महिनाभराची कैद होऊ शकते. म्हणून आधी काळ्या फिती, मग काम संपल्यावर पालिकेसमोर धरणं, मग नोटीस. नोटिशीच्या काळात वस्त्यांमध्ये पत्रकं वाटून नागरिकांना कारण सांगा, आणि दवाखान्यांचा कचरा व मेलेली जनावरं उचलण्याचं काम संपातही चालू राहील हे जाहीर करा. संपाआधी घरटी किमान पंधरा दिवसांचं धान्य आहे का, याची शेडवार पाहणी करा. ज्यांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे त्यांच्यावर पहिला दबाव येतो, त्यांच्यासाठी युनियनच्या निधीतून थोडी रक्कम बाजूला हवी.

ठेका बदलताना

ठेक्याची मुदत संपण्याआधी चार महिने हे काम सुरू करा, कारण नवी निविदा निघाली की अटी बदलता येत नाहीत. मुख्याधिकाऱ्यांना लेखी मागणी द्या की निविदेतच तीन अटी टाकाव्यात: सध्याच्या कामगारांना ज्येष्ठता यादीप्रमाणे कामावर घेणं, किमान वेतन व वैधानिक देणी वगळून फक्त सेवाशुल्कावर बोली लावणं, आणि मागच्या महिन्याचं पीएफ-ईएसआयचं कामगारनिहाय पत्रक जोडल्याशिवाय देयक न काढणं. दुसरी अट सगळ्यात मोलाची. एकूण रकमेवर बोली लागली की सगळ्यात कमी दराने ठेका घेणारा तोटा कामगाराच्या पगारातून भरून काढतो.

जुन्या ठेकेदाराची सुरक्षा ठेव परत करण्याआधी युनियनचं थकबाकीपत्र पालिकेकडे दाखल झालेलं असावं. त्यात प्रत्येकाचं नाव, थकलेला पगार, फरक, पीएफ, न दिलेली रजेची रक्कम. ठेव सुटली की तो ठेकेदार गाठणं अवघड होतं. नव्या ठेकेदाराने कोऱ्या कागदावर किंवा "मागील कोणतीही सेवा नाही" अशा मजकुरावर सही मागितली तर कोणीही करू नये. जुना यूएएनच द्यावा. पहिल्या दिवशी सगळ्यांनी शेडवर एकत्र हजर राहून ज्येष्ठता यादीची एक प्रत त्याच्या व्यवस्थापकाच्या हातात द्यावी आणि दुसरीवर त्याची तारखेसह सही घ्यावी.